नारूदादांचं एका मापाचं मशीन

नारूदादा ठाकूर कधी माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. ते सांध्यांकडे बघायचे. आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी पोथी उघडताहेत, सगळे हात जोडून बसलेत, आणि मागून नारूदादा मोठ्यांदा म्हणाले, "गुरुजी, डावा गुडघा वाजतो तुमचा. उद्या या माझ्याकडं." गुरुजींनी कथा पुरी केली खरी, पण आरतीला ते उठले तेव्हा सगळ्यांचे कान त्यांच्या गुडघ्याकडे लागले होते. आणि वाजला की हो!

रोह्याला एसटी स्टँडच्या मागे आमची आळी. नारूदादांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. ते धाटावला एका कंपनीत फिटर. पहिली शिफ्ट करून आले की चहा घ्यायचा आणि पडवीत ठोकाठोक सुरू करायची, हा त्यांचा नेम. पूर्वी ही ठोकाठोक आळीच्या कामाची असे, कुणाचा स्टोव्ह तर कुणाची सायकल. मग एका वर्षी गणपती झाले आणि दादांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, त्यांनी घरच्या घरी हातापायांचा व्यायाम करायची यंत्रं बनवायला घेतली. इथून आमचे हाल सुरू झाले, कारण यंत्र तयार झालं की त्यावर बसायला माणूस लागतो.

पहिला मान माझा. "बसा मास्तर." बसलो. बैठक इतकी खाली की गुडघे हनुवटीला लागले. समोर लोखंडी चौकटीत सायकलची पायडलं. त्यातल्या उजव्या पायडलावर एक जुनी चप्पल खिळे मारून बसवलेली. त्या चपलेत माझा पाय निम्मासुद्धा शिरेना.

"दादा, हे फार लहान आहे हो."

दादा माझ्या घोट्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "मशीन बरोबर हाय. तुमी मापात नाय."

हे वाक्य पुढे आळीनं इतक्या वेळा ऐकलं की शिंप्याकडे, चपलावाल्याकडे काही घट्ट निघालं की "आमीच मापात नाय" असं आम्ही आपणहून म्हणू लागलो. किराणा दुकानाचे परशुरामशेठ एकदा हाताच्या यंत्रावर बसले आणि बैठक नि मुठी यांच्यामध्ये पोटासकट अडकले. शेवटी पान्यानं बोल्ट सोडवून त्यांना मोकळं करावं लागलं. दादांनी बोल्ट परत आवळले, ते अगदी होते तिथेच. "मशीन बरोबर हाय शेठ..." पुढचं शेठनीच पुरं केलं, आणि त्याला एक शिवी जोडली.

एवढं होऊनही लोक जात, त्याचं कारण पापड. दादा दर रविवारी एसटीनं पेणला जायचे आणि येताना पोह्याचे पापड आणायचे. यंत्रावर बसेल त्याला भाजलेला पापड. व्यायाम करून माणसं जाड होतात हे मी त्याच पडवीत पाहिलं.

पेणला जायचे ते तिथून जवळच्या हमरापूरला, बायकोकडे, म्हणजे आमच्या सुलूवहिनींकडे. वहिनींचं माहेर गणपती करणाऱ्यांचं. दर वर्षी सीझनला त्या भावाच्या कारखान्यात जायच्या, कारण मूर्तीचे डोळे रेखायला त्यांच्यासारखा हात नव्हता. पण त्या वर्षी गणपती बुडले, दिवाळी झाली, तरी वहिनी परतल्या नाहीत. विचारलं की दादा म्हणायचे, "कामात हाय." दिवाळीनंतर गणपतीचं कसलं काम? नवऱ्याच्या भंगाराला कंटाळून बाई माहेरी बसली, असं आळीनं ठरवून टाकलं. आमची ही म्हणाली, "मी असते तर केव्हाच गेले असते."

हाताच्या यंत्राची तर तऱ्हाच वेगळी. समोर दोन चाकं, दोन्हींना एकेक मूठ, आणि दोन्ही चाकांना जोडणारी एकच सायकलची चेन. डाव्या हातानं फिरवायचं आणि उजव्यानं नुसतं त्याबरोबर फिरायचं. मी चुकून उजव्या हातानं जोर लावला की दादा ओरडायचे, "उजवा ढिला सोडा! मेल्यागत सोडा!" आणि मग खाली उकिडवे बसून माझ्या उजव्या खांद्याकडे टक लावून बघायचे. "हिसका बसला? दुखलं कुठं? खरं सांगा."

"अहो, एकाच हातानं सगळं ओढायचं, हा काय न्याय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"एकानं वढायचं, एकानं संगती जायचं," दादा म्हणाले. "जाईना का फुकट. जाऊ तर दे."

संक्रांतीनंतर एका दुपारी आळीच्या तोंडाशी जीप थांबली. भावाच्या खांद्याला धरून सुलूवहिनी उतरल्या. उजवा हात लोंबत होता, उजवा पाय फरफटत होता. ऐन सीझनात, मूर्तीचा डोळा रेखता रेखता त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला होता. लकवा. "बरी झाल्याबिगर आळीत तोंड दाखवणार नाय, कुणाला सांगू नका," अशी त्यांनी दादांना शपथ घातली होती. शेवटी मशीन मनासारखं झालं तेव्हा दादांनीच ती मोडायला लावली. हे सगळं आम्हाला भावानं सांगितलं. दादा तोवर यंत्राची बैठक पुसत होते.

त्यांनी वहिनींना धरून यंत्रावर बसवलं. गुडघे कुठे अडले नाहीत. उजवा पाय त्या चपलेत अलगद गेला. जाणारच, चप्पल त्यांचीच होती. दुसऱ्या यंत्राच्या मुठीही नेमक्या हाताशी आल्या. आम्ही सगळे पापड खाणारे अंगणात माना खाली घालून उभे राहिलो. मशीन खरंच बरोबर होतं.

"माझ्यानं नाय व्हायचं," वहिनी म्हणाल्या. "ह्या हातावर आता कोण डोळे सोपवंल?"

"तू डाव्यानं वढ गो. त्यो येईल मागनं."

मग रोज भिंतीपलीकडून चेनची करकर ऐकू येऊ लागली. दोन दिवस ती आली नाही तर आमच्या घरात कुणाला चैन पडत नसे.

चैत्रातल्या एका संध्याकाळी दादांनी मला खुणेनं बोलावलं. पडवीत वहिनी आमच्याकडे पाठ करून यंत्र फिरवत होत्या. दोन्ही हात गोल गोल फिरत होते. उजवा जरा थबकत होता, पण फिरत होता.

"अवो, आज हलकं कसं चालतंय?" त्यांनी मागे न बघताच विचारलं.

"तेल घातलंय गो," दादा म्हणाले, आणि त्यांनी माझ्यासमोर मूठ उघडली. मुठीत चेन होती.

मी चेनकडे बघितलं, मग वहिनींच्या उजव्या हाताकडे. त्याला ओढणारं कुणी नव्हतं. तो आपला आपण फिरत होता. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते, सांध्याकडे नाही, सरळ तोंडाकडे. इतक्या वर्षांच्या शेजारात मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की नारूदादांचे डोळे घारे आहेत. ते भरून आले होते.

"आणि ते भंगार उचला आधी! पाय ठेवाय जागा नाय घरात," वहिनी कडाडल्या.

"उचलतो गो, उचलतो," म्हणत दादांनी ती तेलकट चेन घाईघाईनं पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. त्या डागावरून दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्यांना जे झापलं, ते भिंतीपलीकडे आम्ही सगळ्यांनी पोटभर ऐकलं.