गच्चीवरचा विमानतळ

विमान कंपनीच्या कचेरीत त्याला सगळे ‘भूगोल’ म्हणत. काम तसंच होतं. कुठला विमानतळ पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे आहे, म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची, धावपट्टीची लांबी आणि तिथल्या माणसाचा फोन, हे सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. पुढचं सगळं ते सॉफ्टवेअर बघून घेई. मार्ग तेच आखी, इंधन तेच मोजी, आणि धुकं पडलं तर विमान जवळच्या कुठल्या विमानतळावर वळवायचं, तेही तेच ठरवी.

आज कंपनीच्या इकडे येणाऱ्या एका विमानात त्याची आई बसली होती, आयुष्यात पहिल्यांदा. वडील गेल्यापासून ती लांबच्या गावी एकटी राहायची आणि विमानाचं नाव काढलं की हातपाय गाळायची. शेवटी भूगोलने छातीठोकपणे सांगितलं, “आई, विमानांना पत्ता मीच देतो. तुझं विमान मी सांगेन तिथेच उतरेल.” तेव्हा कुठे ती चढली. विमान अजून सुटायचं होतं. आता एकदा का ती खाली उतरली, तर पुन्हा म्हणून चढणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमका कॅप्टनचा फोन आला. तुमच्या शहरात धुक्याचा अंदाज आहे, म्हणून सॉफ्टवेअरने पर्यायी विमानतळ सुचवलाय. पण इतकी वर्षं विमान चालवतोय, हा विमानतळ कधी ऐकला नाही. साहेबांनी भूगोलला बोलावलं. पडद्यावर पृथ्वीचा निळा गोळा हळूहळू मोठा होत गेला. शहर दिसलं, गल्ली दिसली, पाण्याची टाकी दिसली. भूगोलच्या तोंडचं पाणी पळालं. ती त्याच्याच घराची गच्ची होती.

सॉफ्टवेअर शिकताना सरावासाठी त्याने गच्ची भरून पाहिली होती. काम जीव ओतून करायची खोड. अक्षांश-रेखांश पार टाकीपर्यंत अचूक. तीस फुटांच्या धावपट्टीवर विमान उतरत नाही म्हणून सॉफ्टवेअर अडून बसलं, तेव्हा त्याने उदार मनाने शून्यं वाढवली. फोन बायकोचा दिला. मग ते पुसायचंच राहिलं. सॉफ्टवेअरने मात्र विश्वास ठेवला. जवळचा विमानतळ मागितला होता, त्याने जवळचाच दिला. भूगोलला क्षणभर त्या यंत्रापुढे हात जोडावेसे वाटले. आपण सांगू ते इतकं मनापासून ऐकणारं त्याला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

तिकडे घरी बायकोला फोन सुरू झाले होते. शिडी कुठे लावायची, असं एकाने विचारलं. टाकी धुणारे असतील म्हणून तिने गच्चीला लोखंडी शिडी आहे असं सांगून टाकलं. मग दुसऱ्याने विचारलं, एकशे ऐंशी माणसांच्या चहाची सोय तुमच्याकडे आहे की आम्ही आणू? त्यानंतर तिने फोन उचलणंच सोडलं.

इकडे गच्ची पुसता येईना. ती उड्डाणाच्या आराखड्यात बसली होती, आणि तिथल्या जबाबदार माणसाने, म्हणजे बायकोने, आपल्या फोनवर आलेलं ‘विमानतळ बंद’चं बटण दाबल्याशिवाय सॉफ्टवेअर तिला सोडायला तयार नव्हतं. विमान जागच्या जागी उभं. आईचा फोन आला.

“काय रे, बाकीचे कुरकुरतायत. मी उतरू का खाली?”

“नको आई. पट्टा लावून बसून राहा.”

मग त्याने बायकोला फोनवर फोन केले. कितव्या तरी खेपेला तिने उचलला, आणि त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. तिने फोनच्या पडद्यावर ते बटण शोधलं.

“म्हणजे मी हे बटण दाबलं, की आईंचं विमान सुटणार?”

“हो.”

“आणि नाही दाबलं तर?”

“तर आई उतरणार. परत कधीच येणार नाही.”

तिने बटण दाबलं. विमान सुटलं. आपल्या एका बोटाने एवढं मोठं धूड आकाशात गेलं, या विचाराने ती कितीतरी वेळ बोटाकडेच बघत बसली.

धुकं दुपारपर्यंत विरलं आणि विमान ठरल्या जागी सुखरूप टेकलं. भूगोल आईला घरी घेऊन आला, तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. भीतीचं नावही नव्हतं. दारातच तिने सुनेला जवळ घेतलं. तिचे डोळे भरून आले होते.

“उतरायच्या आधी खाली बघितलं, तर आपली गच्ची! आणि ही पोरगी मी दिलेली लाल चादर दोन्ही हातांनी हलवतेय. अख्ख्या विमानाला दाखवली मी. सून असावी तर अशी. आता मी विमानानंच येणार बाबा, दर सुट्टीला.”

भूगोलने बायकोकडे पाहिलं. बटणावर तिचा पुरता भरवसा बसला नव्हता. विमान आलंच गच्चीकडे, तर त्याला हाकलायला ती चादर घेऊन वर उभी राहिली होती.

“हो ना आई,” दंड चोळत ती म्हणाली, “हात भरून आले अगदी.”