रिकामी ताटली

हॉटेल इतकं शांत का आहे, हा प्रश्न उल्हास टेंबेला पडला तेव्हा त्याला तिथे येऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती.

शंकेला जागा होतीच. मे महिन्यातलं ग्रीसचं सँटोरिनी बेट. खाली समुद्रात क्रूझच्या तीन बोटी, गल्लीबोळांत माणसांची ही गर्दी, एकेका निळ्या घुमटासमोर फोटोसाठी रांगा. आणि वर टेकडीच्या कडेला हे सहा खोल्यांचं पांढरंशुभ्र हॉटेल, ज्यात दुपारी तीन वाजता चिटपाखरू नव्हतं. उल्हास इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता. पहिल्याच फटक्यात नीट चालणाऱ्या गोष्टीत हमखास मोठा घोळ असतो, या श्रद्धेवर वीस वर्षं त्याचं घर चाललं होतं. त्याने सगळे नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या कड्या ओढल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवली.

"सगळं ठीक आहे," तो काळजीने म्हणाला.

"मग बस ना शांतपणे," बाल्कनीतून सुचेता म्हणाली.

सुचेताला तो शांतपणा फार हवा होता. बाहेरच्या खाण्यावर उल्हासचा भरवसा नाही, म्हणून मागच्या तिन्ही सुट्ट्या त्यांनी सेल्फ-केटरिंग कॉटेजमध्ये काढल्या होत्या. म्हणजे मिल्टन कीन्सऐवजी सुचेताने वेल्समध्ये पोळ्या लाटल्या होत्या, इतकाच फरक. यंदा लूटन विमानतळावर बॅगा चेक-इन करतानाच तिने बजावलं होतं, "या आठ दिवसांत मी एकदा जरी गॅससमोर उभी राहिले ना, तर पुढच्या वर्षी हॉलिडेला मी एकटी जाणार. तू घरी बस."

सुचेता बोलते ते करते, हे उल्हासला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. ती आठ दिवस नसणार या विचारानेच त्याला कसंसं झालं. तिच्याशिवाय माणसाने संशय तरी कोणाजवळ बोलून दाखवायचा?

संध्याकाळी हॉटेलची मालकीण देस्पिना स्वतः खोलीवर आली. साठीची, ठेंगणी, हसरी बाई. तिने संत्र्याच्या केकची ताटली सुचेताच्या हातात दिली आणि "वेलकम" म्हणून निघून गेली. उल्हासच्या मनात पाल चुकचुकली.

"हे आपण ऑर्डर केलं नव्हतं."

"गेस्टना देतात रे असं. खा."

केक उत्तम निघाला, त्यामुळे उल्हासचा संशय आणखी बळावला. सकाळी सुचेताने ताटली स्वच्छ धुतली, पुसली आणि बॅगेतून डबा काढून तिच्यात चार बेसनाचे लाडू मांडले.

"हे काय?"

"मग ताटली रिकामी परत पाठवू? कोणी घरचं करून पाठवलंय आपल्याला."

त्या दिवशी दुपारी ताटली परत आली. आता तिच्यात पालकाचं सारण भरलेले खुसखुशीत पफ होते, आणि लाडवांच्या दुप्पट. सुचेताने संध्याकाळी चिवडा पाठवला. रात्रीच्या जेवणाआधी भरलेली ढोबळी मिरची आली. तिसऱ्या दिवशी सकाळी चकल्या गेल्या, दुपारी वांग्याचा भला थोरला काप हजर झाला. लंडनमधल्या वेम्बलीच्या ईलिंग रोडवरून आठ दिवसांसाठी आणलेला फराळ तिसऱ्या दिवशीच तळाला गेला. उरलं होतं ते फक्त थालिपिठाच्या भाजणीचं पाकीट.

"कुठेतरी पाणी मुरतंय," उल्हास म्हणाला. "तुला नॉटिंगहॅमचा सतीश आठवतो? स्पेनमध्ये त्यालाही असंच खाऊ घातलं होतं. मग म्हणाले, दहा मिनिटं आमचं प्रेझेंटेशन बघा. चार तासांनी सतीश बाहेर आला तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापुरता एका फ्लॅटचा मालक होऊन. टाइमशेअर आहे हे, सुचेता. खाल्ल्या मिठाला जागायला लावतात."

"असू दे. पण आता ताटलीत घालायला काही नाहीये. त्यांचं किचन अर्धा तास मिळालं तर चार थालिपिठं—"

"नाही," उल्हास जवळजवळ ओरडलाच. पुढचं अख्खं वर्ष त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. "तू किचनकडे फिरकायचंही नाहीस. मी बघतो काय ते."

त्याने काय बघितलं, तर सुचेता अंघोळीला गेल्यावर ती ताटली तशीच उचलली, रिसेप्शनच्या टेबलावर ठेवली आणि पळ काढला. पण ताटली हातात घेऊन देस्पिनाने जिन्यात त्याला गाठलंच. तिने रिकाम्या ताटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचा चेहरा उतरला. बिचारे अजून उपाशी आहेत, असाच तिचा समज झाला असावा. कारण तासाभरात खोलीवर दोन ताटल्या आल्या.

"रिकामी दिलीस?" सुचेताचा आवाज बारीक झाला होता, आणि ते लक्षण चांगलं नव्हतं. "माझ्या आईला कळलं तर ती फोनवरून जीव देईल, उल्हास."

मग उल्हास तडक बाजारात गेला. बोटींवरून उतरलेल्या हजारो माणसांतून वाट काढत, दोनदा चुकून दुसऱ्याच कोणाच्या तरी टूर ग्रुपबरोबर चालत जाऊन, एका दुकानातून तो बकलावा ही तिथली मिठाई घेऊन आला. तो दोन्ही ताटल्यांत नीट रचून त्याने देस्पिनाला नेऊन दिला. तिने एक तुकडा उचलला, उलटा करून पाहिला आणि हळूच परत ठेवला. बकलावा विकतचा होता, आणि ते ओळखायला तिला चाखायचीही गरज पडली नाही.

"उद्या सकाळी अकरा वाजता तुम्ही दोघं माझ्या किचनमध्ये या," ती गंभीरपणे म्हणाली. "माझा मुलगा पण येतोय. बोलायचं आहे."

"प्रेझेंटेशन," खोलीत येऊन उल्हास म्हणाला आणि मटकन पलंगावर बसला.

दुसऱ्या दिवशी अकराला ते किचनमध्ये शिरले. टेबलापाशी देस्पिना होती, शेजारी तिचा मुलगा, आणि मुलासमोर लॅपटॉप. उल्हासने खुर्चीत बसण्याआधीच जाहीर केलं, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही."

देस्पिना आणि मुलाने एकमेकांकडे पाहिलं.

"मिस्टर उल्हास," देस्पिना म्हणाली, "आता खरं सांगा. हॉटेलं तपासणाऱ्या कोणत्या कंपनीचे इन्स्पेक्टर आहात तुम्ही?"

"मी?"

"उघड्या दारातून मी पाहिलं, पहिल्याच दिवशी तुम्ही नळ तपासले. पलंगाखाली पाहिलंत. वहीत लिहिलंत. बाकीचे गेस्ट सकाळी नऊला बेट बघायला जातात ते थेट रात्री येतात. तुम्ही एकटेच दिवसभर हॉटेलात बसून कान देऊन ऐकत असता. मी म्हटलं, चांगलं खाऊ घालावं. तर प्रत्येक ताटलीतून तुम्ही काहीतरी परत पाठवता. मला वाटलं, ही पण टेस्ट. त्या गोल काटेरी बिस्किटाने माझा दात हलला, तरी मी ते संपवलं."

"चकली," सुचेता ओशाळून म्हणाली. "पण मग तुम्ही तरी का पाठवत राहिलात?"

"ताटली रिकामी कशी पाठवणार?" देस्पिनाने विचारलं. "आईने शिकवलंय आम्हाला."

सुचेताच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. दोघी बायका एकमेकींचे हात धरून हसत सुटल्या. शेवटी ठरलं असं, की आता ताटली इकडून तिकडे जायला नको की तिकडून इकडे यायला नको. एकाच टेबलावर बसून खावं. सुचेता भाजणीचं पाकीट बरोबरच घेऊन आली होती. कोणाच्या स्वयंपाकघरात रिकाम्या हाताने जायची तिला सवय नव्हती.

"सुचेता, तो गॅस आहे," उल्हास कळवळून म्हणाला.

"दिसतंय मला."

तिने गॅस पेटवला. तव्यावर थालिपीठ थापताना, त्याला मधे भोक का पाडायचं हे देस्पिनाला हातवारे करून समजावताना ती इतकी खूश दिसत होती, की उल्हासला क्षणभर आपलं संकटच आठवेना. आपली बायको चुलीपाशी हसताना त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्याला बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

"हे काउंट होत नाही ना?" थोड्या वेळाने त्याने चाचरत विचारलं. "तू स्वतःहून केलंस."

सुचेताने त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड अगदीच केविलवाणं झालं होतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पण आपण दोघं इथेच येऊ. आत्ताच बुक करून टाकू."

उल्हासच्या जिवात जीव आला. सुचेताने ते देस्पिनाला सांगितलं, तसा मुलाने लॅपटॉप पुढे ओढला. देस्पिनाने मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग ती सुचेताकडे वळून गोड हसली.

"मॅडम, तुमच्यासाठी समुद्राकडची खोली. पण एकाच माणसाची. बाकी हॉटेल पुढच्या मे महिन्यात फुल आहे. पूर्ण महिना."

उल्हासने वाकून लॅपटॉपकडे पाहिलं. मे महिन्याच्या सगळ्या तारखा, सहाच्या सहा खोल्या, रिकाम्या होत्या.

"अगं, या खोटं बोलतायत," तो मराठीत घाईघाईने म्हणाला. "यांना अजूनही मी इन्स्पेक्टर वाटतोय. स्क्रीन बघ, सगळं रिकामं आहे."

सुचेताने स्क्रीनकडे पाहिलं. मग समुद्राकडच्या बाल्कनीच्या फोटोकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"त्या कशाला खोटं बोलतील?" ती थालिपिठावर लोण्याचा गोळा ठेवत म्हणाली. "उगाच संशय घेऊ नकोस."