तेलाच्या डब्यांवरचे स्पीकर

शशीभाऊ परब कुणाच्याही घरात शिरले की चपला काढण्याआधी एक टाळी वाजवतात. एकच, पण खणखणीत. मग मान किंचित तिरकी करून ते थांबतात. खोलीने काहीतरी उत्तर दिलेलं असतं, ते त्यांना ऐकायचं असतं.

आमच्या काळाचौकीच्या चाळीत याची सगळ्यांना सवय आहे, पाहुण्यांना नसते. माझ्या पुतणीला बघायला मंडळी आली होती. पोहे नुकतेच बाहेर आले होते, तेवढ्यात शशीभाऊ दारात उगवले आणि टाळी वाजवली. मुलाचे वडील निवृत्त हवालदार. ते ताडकन उठून उभेच राहिले. सगळ्यात कहर म्हणजे पलीकडच्या इमारतीतले सावंत गेले, तेव्हा भेटायला गेल्यावरही शशीभाऊंनी उंबऱ्यात टाळी दिली. सगळं घर रडायचं थांबलं. शशीभाऊ गंभीर चेहऱ्याने माझ्याजवळ येऊन बसले आणि कानात म्हणाले, "खोली चांगली हा रे. पडदे जड आहेत. आवाज बसतो."

शशीभाऊ लिफ्टचे मेकॅनिक होते. गिरगावापासून दादरपर्यंतच्या जुन्या इमारतींत माणसांना वर-खाली नेण्यात त्यांची हयात गेली, आणि स्वतः मात्र रोज संध्याकाळी आमच्या चाळीचा तिसरा मजला जिन्याने चढत राहिले. लिफ्टचं झाकण न उघडता, नुसत्या दोराच्या आवाजावरून ते बिघाड सांगायचे. निवृत्त झाल्यावर हे कान रिकामे पडले. मग त्यांनी ते गाण्याला जुंपले.

आता 'गाण्याचा शौक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या शोरूममधली माणसाएवढी खोकी येतात. निदान माझ्या यायची. म्हणूनच गेल्या दिवाळीत बोनस मिळाल्यावर मी होम थिएटर घेऊन आलो. खोक्यावर वॅटचा आकडा एवढा मोठा छापला होता, की तेवढ्यात आमच्या अख्ख्या मजल्याचे पंखे फिरले असते. पहिलंच गाणं लावलं आणि मांडणीवरची ताटं एकेक करून खाली यायला लागली. माझ्या बायकोने, मीनलने, स्वयंपाकघरातून विचारलं, "गाणं आहे की भूकंप?" मी म्हटलं, "याला बेस म्हणतात." शशीभाऊ आवाजाच्या दिशेने आलेच होते. टाळी वाजवून त्यांनी पाच सेकंद ऐकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "मेल्या, ही भिंत गाता. स्पीकर खंय गाता?"

मग हाताला धरून मला त्यांच्या खोलीत नेलं.

ती दहा बाय बाराची खोली बघितल्यावर मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. पंधरा किलोचे दोन तेलाचे डबे, त्यांच्यात काठोकाठ वाळू आणि त्यांच्यावर एकेक स्पीकर. स्पीकर केवढा? तर शाळेच्या दप्तराएवढा. चोर बाजारातून आणलेला, एका कोपऱ्यावर पॉलिश उडालेला. अँप्लिफायर तळहातावर मावणारा, त्याला वीज पुरवायला कुणाच्या तरी मेलेल्या लॅपटॉपचा चार्जर. मागच्या भिंतीवर गोधडी टांगलेली. आणि स्पीकर व डबा यांच्यामध्ये निळ्या रबराचे चार तुकडे, जे मी लगेच ओळखले. माझ्या हवाई चपलेच्या टाचा. महिनाभर मी कुत्र्यावर संशय घेत होतो.

"माझ्या तेलाच्या डब्यांत वाळू भरून ठेवली ह्यांनी," सुमनवहिनी म्हणाल्या. "आता पापड कुठे ठेवू, ह्यांच्या डोक्यावर?"

शशीभाऊंनी गाणं लावलं. आवाज इतका बारीक, की मी पुढे सरकलो. बाई गात होत्या. आणि काय सांगू, त्या दोन डब्यांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच नव्हतं तिथे, कुणीतरी बसून गात होतं.

"आता ऐक," शशीभाऊ म्हणाले. "ओळ उचलायच्या आधी बाईंनी श्वास घेतला. ऐकलास?"

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, "वा!"

तेव्हापासून मी त्यांचा शिष्य झालो, म्हणजे दुपारी सुट्टी असली की त्यांच्याकडे चहा प्यायला लागलो. त्यांची शिकवण साधी होती. आपल्याला मैदान भरायचं नाही, खोली भरायची आहे. छोटा स्पीकर हलका असतो, म्हणून चटकन हलतो आणि चटकन थांबतो. "लिफ्टीचाही तोच नियम. सुरू कोणीही करतो रे, थांबवता यायला पाहिजे. तुझा तो बेस थांबतच नाही, पुढच्या शब्दावर जाऊन आदळतो." वाळू का? तर डबा थरथरू नये म्हणून. रबर का? तर स्पीकरने आपला राग लादीवर काढू नये म्हणून. गोधडी का? तर आवाजाने एकदाच बोलावं, भिंतीवरून परत येऊन पुन्हा तेच सांगू नये म्हणून. सोन्याची टोपणं लावलेल्या महागड्या वायरींच्या नावाने ते हात जोडायचे. "तांबा तो तांबा. त्याका काय ठाव, सोन्याच्या टोपणातसून जातंय म्हणून?" आणि सगळ्याचं सार म्हणून एक वाक्य, जे ते दिवसातून चार वेळा म्हणत: "आवाज मोठा नको, उघडा हवा."

मी मात्र अधूनमधून विचारायचो, "पण भाऊ, तुम्ही मोजता कशाने? यंत्र तर दिसत नाही." ते म्हणायचे, "आहे रे माझ्याकडे." आणि दाखवत नसत.

सुमनवहिनींबद्दल सांगायचं राहिलंच. आमच्या चाळीच्या महिला भजनी मंडळात वीस-बावीस वर्षं त्या सांगायच्या. म्हणजे ओळ आधी त्या उचलणार आणि मागून बाकीच्या धरणार. मग त्यांचे कान गेले. डावा जवळजवळ पूर्ण, उजवा अर्धा. एका दत्तजयंतीला त्या एक ओळ पुढे आणि मंडळ एक ओळ मागे असं झालं, तरुण मुलींपैकी कुणीतरी फिसकन हसलं, आणि वहिनी 'गुडघे दुखतात' म्हणून उठल्या त्या दोन वर्षं खाली बसल्या नाहीत. डॉक्टरांनी उजव्या कानाला मशीन दिलं होतं. ते कपाटात डबीत होतं. "ते घातलं की सगळे पत्र्यावर नाचतायत असं वाटतं," म्हणायच्या. शशीभाऊंचा एकच घोशा होता: या दत्तजयंतीला सुमन सांगणार. मंडळातल्या बायकांना त्यांनी परस्पर कळवूनही टाकलं होतं. मीनल म्हणाली, "भाऊंना सांगा, आशेला लावू नका. परत तसं झालं तर वहिनी दारसुद्धा उघडणार नाहीत."

हे सगळं मला माहीत होतं. ते स्पीकरही मला माहीत होते. दोन्ही माझ्या डोक्यात शेजारीशेजारी पडून होतं आणि त्यांची ओळख करून द्यावी असं मला कधीच सुचलं नाही. मी विमा कंपनीत सत्तावीस वर्षं दावे तपासतो. आता बोला.

दत्तजयंतीला आठ दिवस असताना मी त्यांच्याकडून भाजीचा आलेला डबा परत द्यायला गेलो. शशीभाऊ कुठलीशी पिन आणायला बाहेर गेले होते. वहिनी म्हणाल्या, "बस, चहा टाकते," आणि आत गेल्या. मी आदल्याच दिवशी मोबाइलवर बघितलं होतं, की दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर पाहिजेत. मी विती टाकून मोजलं. उजवा चांगला दोन विती पुढे! शिवाय समोरच्या खुर्चीकडे तोंड वळवून. मला फार वाईट वाटलं. एवढा तयारीचा माणूस, पण वय झालं. गुरूची चूक शिष्याने गुपचूप सुधारावी, या उदात्त भावनेने मी डबा मागे सरकवला, सरळ केला आणि जाता जाता आवाजाचं बटणही जरा वर केलं.

वहिनी चहा घेऊन आल्या, खुर्चीत बसल्या आणि गाणं सुरू केलं. क्षणात त्यांचा चेहरा असा आक्रसला, जसा कुणी तोंडात मारल्यावर आक्रसतो. हात उजव्या कानाकडे गेला. कानातलं मशीन त्यांनी उपटून काढलं, तेव्हा ते कानात होतं हे मला कळलं. ते डबीत गेलं, डबी कपाटात गेली. वहिनी म्हणाल्या, "चहा घे, गार होतोय."

शशीभाऊ आले. उंबऱ्यात टाळी वाजली नाही. त्यांनी डब्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, तुमचा उजवा पुढे आला होता," मी म्हटलं. "मी बरोबर केला."

त्यांनी मला गॅलरीत नेलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"श्रावणात पहिल्यांदा घातलान तिने मशीन," ते खाली चौकाकडे बघत म्हणाले. "दोन मिनिटं. टीव्ही लावला तर सहन होईना, रेडिओ लावला तर होईना. आवाज फाटका असला की मशीन त्याच्या चिंध्या करून कानात कोंबतं. म्हणून उघडा आवाज पाहिजे होता, आणि हळू. महागातला घ्यायची आपली ऐपत नाय. म्हणून ह्यो सगळो पसारो. दोन मिनिटांची पाच केली, पाचाची दहा. काल चाळीस मिनिटं बसली, विलास. चाळीस."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"चूक माझी," तेच म्हणाले. "खडूने खूण करून ठेवायला हवी होती."

त्यानंतर दोन दिवस वहिनींनी डबी उघडली नाही. शशीभाऊंनी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त रोज दुपारी चार वाजता रिकाम्या खुर्चीसमोर हळू आवाजात भजन लावायचे आणि पाचला बंद करायचे. मी प्रायश्चित्त म्हणून रजा टाकून दाराशी बसून असायचो. तिसऱ्या दिवशी वहिनी गवारीचं ताट घेऊन आल्या आणि 'मला काय, कुठेतरी बसून मोडायचीच आहे' अशा चेहऱ्याने खुर्चीत बसल्या. कानात मशीन होतं.

शशीभाऊ उजव्या डब्याशी उकिडवे बसले. डबा बोटभर पुढे. थांबले. पुन्हा बोटभर. स्पीकर जरासा वळवला. आणि मला तेव्हा दिसलं, की ते स्पीकरकडे बघतच नाहीत, ऐकतही नाहीत. त्यांची नजर वहिनींच्या हातावर होती. शब्द कानात नीट पोचत नसला की तो हात नुसता शेंगा मोडत होता. मग एका जागी डबा आला आणि ताटाच्या काठावर वहिनींची दोन बोटं ठेका धरायला लागली. शशीभाऊंनी डबा सोडला, खिशातून खडू काढला आणि लादीवर रेघ मारली.

दत्तजयंतीच्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरीशी त्यांचं जोरदार वाजलं. मोठे कर्णे लावायचे नाहीत, असा शशीभाऊंचा हट्ट.

"अहो, पण मागच्यांना ऐकू कसं जाणार?"

"मागच्यांना पाय दिलेत देवाने. पुढे येऊन बसतील."

शेवटी माइकला कर्ण्यांऐवजी शशीभाऊंचे स्पीकर जोडायचं ठरलं आणि तळमजल्याच्या खोलीत ते दोन तेलाचे डबे आले. आले म्हणजे मी आणले, वाळूसकट, एकेक करून, तीन मजले उतरून. मागच्या भिंतीवर सहा घरांच्या गोधड्या लागल्या. पेटी वहिनींच्या उजव्या हाताला बसली. संध्याकाळी वहिनी आल्या, गुडघ्यांचं नाव न काढता मांडी घालून बसल्या आणि पदर सावरून समोरच्या तसबिरीकडे बघत राहिल्या. सगळी खोली गप्प. माझी मीनल तर श्वाससुद्धा घेत नव्हती.

तेवढ्या शांततेत वहिनींनी घेतलेला श्वास मला स्वच्छ ऐकू आला.

पहिली ओळ जरा कापली. दुसरीला मंडळ अर्धी मात्रा पुढे गेलं. वहिनींनी डोळे मिटले, मान उजवीकडे कलती केली आणि तिसरी ओळ अशी उचलली, की मागच्या बायकांना धावत येऊन ती धरावी लागली. मग दीड तास कुणी मागेपुढे झालं नाही. मी शशीभाऊंना शोधलं. ते बाहेर चपलांच्या ढिगाशी उभे होते, खिडकीच्या गजांतून आत बघत. ओळखीचं कुणी बोलायला आलं की हाताने 'नंतर' म्हणत होते.

प्रसाद झाला, पांगापांग झाली. मी एक डबा खांद्यावर घेऊन जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते दोघं माझ्या पुढे होते. वहिनी एका हाताने कठडा धरून चढत होत्या आणि कुरकुरत होत्या.

"त्या मालतीच्या टाळाला चीर गेलीय. सुरुवातीपासून चिरचिर वाजत होता. एकीला कळू नये?"

मला नव्हतं कळलं. शशीभाऊ पायरीवर थांबले.

"काय म्हणालीस?"

"टाळाला चीर गेलीय म्हटलं. बारीक चिरचिर येते."

"परत सांग."

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का?" वहिनी वैतागल्या.

"नाय," शशीभाऊ म्हणाले. "परत सांग."

त्यांनी जिन्यातली सगळी वाट अडवली होती आणि वाळू माझ्या खांद्यात रुतत होती. मी डबा पायरीवर टेकवला, अगदी हळू, आवाज न होऊ देता. वर वहिनी तिसऱ्यांदा त्याच टाळाची तक्रार सांगत होत्या.