म्हातारीचा काटा

ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा "महिनाभर वापरा" म्हणाला, आणि आमच्या शेजारच्या कारकुनाने टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र पिशवीत घालून घरी आणलं. चूक म्हणायची तर एवढीच. पुढचं सगळं ओघाने आलं.

हा कारकून म्हणजे चालताबोलता गोंगाट. (आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे, त्याला कोण काय करणार?) पाणी प्यायला उठला तरी भांडं पडायचं. ऑफिसात उशिरा गुपचूप शिरायला जावं, तर नेमका साहेबांच्या टेबलावर धडकायचा. बायको म्हणायची, "तुम्ही चोर असता, तर पोलिसांना कामच उरलं नसतं."

आणि या खेळात तर सगळा कारभार चोरपावलांचा! बंगल्यात शिरायचं, नेमून दिलेल्या माणसाचा काटा काढायचा आणि कुणाला न दिसता सटकायचं. कसं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. छतावरून उतरा, आचाऱ्याचे कपडे घाला, झुंबर पाडा, मुभा आहे. आपल्या कारकुनाने माळ्याचे कपडे पळवले आणि अख्खा आठवडा नुसतं झाडांना पाणी घातलं. पहारेकरी शेजारून जायचे, एकही जण हटकायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठेतरी शिरला होता आणि काही फुटलं नव्हतं. बिचाऱ्याचे डोळे भरून यायचे.

पण शेवटच्या बंगल्यातली म्हातारी काही हाती लागेना. कधी कुत्रं भुंकायचं, कधी पायाने बादली उडायची. (खेळातसुद्धा बादली!) आणि महिना भरला, आज संध्याकाळी दुरुस्तीवाला यंत्र परत न्यायला येणार. आज जमलं नाही तर आपण जन्माचे धांदरट, यावर शिक्कामोर्तब झालं, असं त्याच्या मनाने घेतलं. जेवणही गेलं नाही त्याला.

सुट्टीचा दिवस. दुपारी बायको शिंप्याकडे गेली. त्याच्या सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. त्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"आज म्हातारीचा काटा काढतोच!" तो दबक्या आवाजात म्हणाला. (दबका म्हणजे आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येणारा.) "बायको यायच्या आत उरकतो. ओरडली तर उशी आहेच तोंडावर दाबायला."

आत सासूबाई उठून बसल्या. त्यांच्या टाचेत कधीचा काटा रुतला होता. लेकीला सांगून तोंड दुखलं, पण "बघते गं" यापलीकडे तिची मजल नाही. आणि जावयाला मात्र न सांगता कळलं!

इकडे टीव्हीवर माळी बगलेत उशी घेऊन पडद्यामागे दबा धरून उभा. म्हातारी गच्चीच्या कठड्याशी आली की एक बटण दाबायचं, बस्स. कारकुनाने श्वास रोखला. म्हातारी निघाली... आणि टीव्हीसमोर खऱ्या सासूबाई येऊन उभ्या. एका हातात सुई, दुसऱ्या हातात उशी.

"काढा, जावईबापू."

"काय काढू?"

"काटा! लाजता काय? ऐकलं मी सगळं. उशीसुद्धा मीच आणलीय."

"आई, पाच मिनिटं थांबा ना..."

"तोवर माझी लेक येऊन मोडता घालेल. बसा इथे!"

सासूबाईंनी पाय थेट मांडीवर टाकला. हातातला खेळाचा रिमोट खाली पडला. रडकुंडीला आलेल्या कारकुनाने सुई टोचली. सासूबाईंनी उशी तोंडात कोंबून दुसरा पाय जमिनीवर आपटला. तेवढ्यात बायको दारात! नवऱ्याच्या हातात सुई, आईच्या तोंडावर उशी.

"अहो! काय चाललंय हे?"

उशी बाजूला करून आई म्हणाली, "ओरडू नकोस. जावईबापू माझा काटा काढतायत."

बायको उंबऱ्यातच मटकन बसली. इतक्यात टीव्ही वाजू लागला. म्हातारी कठड्यापलीकडे गेली होती. मोहीम फत्ते, कुणालाही न दिसता!

"निघाला! काटा निघाला!" कारकून नाचू लागला.

"मग माझ्या टाचेत टोचतंय ते काय?"

"तुमचा नाही, आई. तिचा निघाला. पण बटण कुणी..."

त्याने खाली पाहिलं. रिमोट सासूबाईंच्या पायाखाली होता.

बायकोने सुई हिसकावून घेतली आणि एका फटक्यात काटा काढला.

संध्याकाळी दुरुस्तीवाला हात हलवत परत गेला. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात न्या हो. मला जमतंय." आता त्या खेळतात आणि कारकून पाणी आणून देतो.

हे लिहितानाच तिकडे भांडं पडलं. पाठोपाठ सासूबाईंचा आवाज आला, "हळू हो, जावईबापू! पहारेकरी जागे झाले ना!"