साडूचा उद्रेक

सासूबाईंच्या फ्रिजवर धाकट्या जावयाचा फोटो लागला आणि थोरल्या जावयाची झोप उडाली.

पेपरातलं कात्रण होतं ते. 'वर्षातला सर्वांत मोठा सौरउद्रेक मोजला!' दोघे साडू एकाच वेधशाळेत, एकाच कामावर. सूर्याने भिरकावलेला वायूचा लोट अवकाशात केवढा पसरला आणि त्यात किती अब्ज टन माल आहे, हे चित्रांवरून काढायचं. लोट जितका उजळ, तितकं वजन जास्त. थोरल्यांनी उभा जन्म असे लोट तोलण्यात घालवला, पण पेपरात कुणी दोन ओळी छापल्या नव्हत्या. आणि हा कालचा पोरगा! त्यात सोमवारी गटप्रमुख निवडायचा होता.

"नाक जरा मोठंच आलंय त्याचं फोटोत," थोरले म्हणाले.

"तुमचं तर काहीच आलं नाही," बायको म्हणाली.

झालं! थोरल्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी खोलीचं दार लावून त्यांनी दूरच्या यानाच्या चित्रांचा ढीग उपसायला घेतला. हे यान पृथ्वीपासून लांब राहून सूर्याकडे बाजूने बघायचं आणि चित्रं फार रखडत पाठवायचं, म्हणून त्या चित्रांच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. शोधता शोधता एक लोट सापडला. अहाहा, काय तो लोट! थोरल्यांनी त्यातून शांत सूर्याचं चित्र वजा केलं, उरलेला उजेड मोजला आणि वजन काढलं. साडूच्या उद्रेकाच्या तिप्पट! पुन्हा मोजलं, तरी तिप्पटच. त्या रात्री ते चक्क घोरले.

सोमवारी भर बैठकीत त्यांनी चित्र पडद्यावर लावलं.

"आमच्या धाकट्यांचा उद्रेक म्हणजे याच्यापुढे शिंक आहे, शिंक!"

संचालकबाईंनी चष्मा चढवला. "कधीचा हा?"

"परवाचा. फाइलवर तारीख आहे की!"

"अहो, ती तारीख चित्र इथे पोहोचल्याची. घेतलं कधी ते बघा."

हेव्याच्या भरात जे बघायचं राहिलं होतं, ते थोरल्यांनी आता वाचलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं.

धाकटे टुणकन उठले. "दादा, तारीख तीच, हा तर माझाच लोट!"

धाकट्यांनी तो लोट समोरून मोजला होता. अंगावर येणारा लोट फिका दिसतो, म्हणून वजन कमी भरतं. खरं वजन कळतं ते बाजूने. आणि ते थोरल्यांनी स्वतः राबून, दोनदा तपासून, चारचौघांत सिद्ध केलं होतं.

"म्हणजे वर्षातला काय, आपण आजवर मोजलेला सर्वांत मोठा!" संचालकबाई म्हणाल्या. गटप्रमुख कोण, हे वेगळं सांगायला नकोच.

संध्याकाळी धाकट्यांनी थोरल्यांना ओढतच कॅन्टीनमध्ये नेलं. धाकट्यांचे डोळे भरून आले होते.

"दादा, माझ्यासाठी एवढं केलंत! वर ते शिंकेचं बोलून सगळ्यांना हसवलंतही. मोठं मन लागतं हो याला."

"घरचंच काम," थोरले चहात बघत पुटपुटले.

"एक सांगू? मला ना, तुमचा कायम हेवा वाटत आलाय."

थोरल्यांच्या जिवात जीव आला. ते खुर्ची ओढून पुढे सरकले.

"काय सांगतोस! कशाचा रे?"

धाकटे विचारात पडले. चहा संपला. कॅन्टीनवाल्याने खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला घेतल्या. थोरले आशेने बघत होते आणि धाकटे अजून विचारच करत होते.