नावेत मुलगी पाहणे

"मान खाली ठेवजो, अन् विचारल्याशिवाय तोंड उघडू नोको," वच्छलाबाईंनी लेकीला, शामलाला बजावलं. आधीची दोन्ही स्थळं शामलाच्या तोंडामुळेच परत गेली होती. एका नवरदेवाला तर तिने, "तुमाले सैपाक येते काय?" असं उलट विचारलं होतं. खापा गावच्या विणकरांत नत्थूजींच्या लुगड्यांना नाव होतं. पण लेकीचंही नाव झालेलं होतं, आणि हे स्थळ गेलं तर चौथं येण्याची आशा नव्हती.

हे स्थळ नागपूरचं. मुलाचे वडील मनोहरराव जंगल खात्यात कारकून होते. गोरा साहेब विलायतेला परतताना त्यांना दुर्बीण देऊन गेला, तेव्हापासून रविवारी ते नदी सोडून दुसरं काही पाहत नसत. "मुलगी नावेतच पाहू. पाखरंबी होतात अन् पोरगीबी," असा त्यांचा निरोप आला. नत्थूजींनी बिचाऱ्यांनी नाव ठरवली आणि फळ्यांवर घरची नवी सतरंजी अंथरली.

नाव कन्हान नदीच्या पात्रात शिरली. मनोहररावांनी दुर्बीण मुलाच्या, मधुकरच्या गळ्यात अडकवली. "तू पाखरं पाह्य अन् चूप बस," ते म्हणाले आणि शामलाकडे वळले.

"नाव काय वं तुह्यं?"

"शामला."

"भाजी-भाकर येते काय?"

"येते."

वच्छलाबाईंच्या डोळ्यांत समाधानाने पाणी आलं. पाणी नावेतही येत होतं, सतरंजीखालच्या फटीतून. मान खाली असल्यामुळे ते शामलाला दिसलं. कोणी विचारलं असतं तर तिने नक्की सांगितलं असतं.

"खंड्या!" मनोहरराव ओरडले. सगळ्यांनी वर पाहिलं. शामलाने हळूच पाय वर घेतले. पुढे खडकावर कासवं ऊन खात बसली होती, तीही पाहून झाली. "शिवण येते काय?" "येते." आता सतरंजी तरंगू लागली. तेवढ्यात नावाडी ओरडला, "मंगर! थे पाहा, रेतीवर!" मनोहरराव ताडकन उठले, मागोमाग बाकीचेही, आणि नाव आडवी झाली.

पाणी कमरेएवढंच होतं. सगळे चालतच वाळूवर आले. एवढी माणसं एकदम अंगावर आलेली पाहून मगर बिचारी दुसऱ्या काठाला निघून गेली.

नत्थूजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काहून वं, तुले पाणी दिसलं नाही?"

"दिसलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले कोणी विचारलंच नाही."

मनोहरराव धोतर पिळायचे थांबले. "नत्थूजी, पोरगी पसंत! नाव बुडाली, पन पोरीनं तोंड नाही उघडलं. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी भेटत नाही. हा माहा शब्द! आता तिले काही विचाराचं असन तं विचारू द्या."

वच्छलाबाई नको म्हणेपर्यंत शामलाने मान वर केली होती. तिने थेट मधुकरला विचारलं, "पाणी तुमाले दिसलं नाही काय?"

मधुकरने आधी बापाकडे पाहिलं. "दिसलं न. पन बाबानं चूप बस म्हटलं होतं."

शामला खळखळून हसली. "मलेबी पसंत आहे," ती म्हणाली. पाहण्याचा कार्यक्रम संपला, तशी आईची आज्ञाही संपली.

गावापर्यंतची वाट वाळूतून होती. शामलाने आधी फुटक्या नावेबद्दल नावाड्याला धारेवर धरलं, मग ती नाव ठरवल्याबद्दल बापाला. मग मगर पाहायला पहिले कोण उठलं, असं तिने मनोहररावांना विचारलं. ते उत्तर जुळवेपर्यंत पुढचा प्रश्न आला, आणि त्याच्यामागून आणखी एक. शब्द तर देऊन बसले होते. त्यांनी केविलवाण्या नजरेने मुलाकडे पाहिलं.

मधुकरने गळ्यातली ओली दुर्बीण काढून बापाच्या हातात दिली आणि भराभर पावलं उचलत तो शामलाच्या बाजूने चालू लागला.