पाक लेगिमानचे दात पांढरे झाले

पाक लेगिमाननी खुर्चीत बसून तोंड उघडलं आणि वेनिंगनं दिवा आणखी जवळ ओढला. दात पांढरे. लख्ख. मागच्या तपासणीला हेच दात करपलेल्या कढईच्या बुडासारखे होते.

"पाक, हे काय केलंत?" पाक म्हणजे तिकडं काका.

"घासले." म्हातारा खूश होता. "आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ, विटेच्या चुऱ्यानं. परीक्षा तुझी, मोठे डॉक्टर बघणार. त्यांच्यापुढं घाणेरडं तोंड घेऊन कसं यायचं? बायको म्हणाली, पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

वेनिंग मटकन स्टुलावर बसली. आता योग्याकर्तातल्या या दातांच्या कॉलेजात रीतच अशी, की शेवटच्या वर्षाच्या पोरांनी पेशंट स्वतःच शोधून आणायचा. परीक्षेला जसं तोंड हवं, तसं तोंड बाजारात, स्टँडवर हुडकत फिरायचं. सापडलं की त्याला भात खाऊ घालायचा, गोड बोलायचं आणि दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून डोळ्यात तेल घालून बसायचं. वेनिंगची परीक्षा होती तंबाखूची. ओढणारा माणूस आणायचा, सरांसमोर त्याला सोडायचं समजवायचं आणि मग काळे दात साफ करून दाखवायचे. एवढी एकच परीक्षा राहिली होती. आज नापास झाली तर डॉक्टरकीचा शपथविधी सहा महिने पुढं. आणि गावाकडं आईनं दवाखान्यासाठी खोली झाडूनसुद्धा ठेवली होती.

"निदान सिगारेट तरी चालू आहे ना?" तिनं विचारलं.

"सोडली."

"कधी?"

"तू तो सडलेल्या गालाचा फोटो दाखवलास ना, त्याच दिवशी. कॉफीबरोबरसुद्धा नाही."

तो फोटो तिनं सराव म्हणून दाखवला होता. वेनिंगनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पाक, आत्ता एखादी ओढाल का? एकच?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं असं बघितलं, की तिनं मान खाली घातली. "म्बाक, पोरी, मशिदीत सगळ्यांदेखत सांगून बसलोय मी."

शेजारच्या खुर्चीपाशी पांजी हत्यारं पुसत होता. तिच्याच वर्गातला. तंबाखूमुक्त कॉलेजच्या समितीचा अध्यक्ष. फाटकावरचे फलक त्यानंच लावलेले. आणि लवंगेची सिगारेट ओढायचा तोच. दवाखान्यात सदा लवंगेच्या तेलाचा वास, त्यात याचा वास कुणाला कळणार? बिनबोभाट चाललं होतं.

"पांजी, बस खुर्चीत," वेनिंग म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"तुझ्या खालच्या दातांमागं काय आहे ते मला माहितीये. आपण एकमेकांच्या दातांवरच शिकलोय."

"सुबाग्यो सरांनी ओळखलं म्हणजे?"

"तोंडावर कापड टाकते. दात तेवढे दिसतील."

"आणि आवाज?"

"बोलू नकोस. मान हलव."

पाक लेगिमान उठून बाकावर गेले. "बस रे बाबा. खुर्ची गरम करून ठेवलीय."

परीक्षक सुबाग्यो सर आले. कापडाच्या भोकातून वाकून त्यांनी बघितलं. "डाग चांगला आहे. कोण आहेत हे?"

"ओळखीतलेच, सर."

"समजव."

वेनिंगनं समजावलं. फुप्फुस, हिरड्या, बायको, पोरं, सगळं सांगितलं. घाईत सडलेल्या गालाचा फोटोही कापडावर धरून दाखवला. कापडाला काय दिसणार?

"काय हो, सोडाल?" सरांनी विचारलं.

कापड बराच वेळ हललंच नाही. मग आडवं हललं.

"समजावण्याचा मार्क नाही," सर म्हणाले.

"साहेब." पाक लेगिमान बाकावरून उठले. "तिला समजवता येतं. मी सोडलीय." आणि त्यांनी तिथंच आ केला.

सरांनी दिवा ओढून त्यांच्या तोंडात बघितलं. "हे कशानं घासलंत?"

"विटेनं."

"बंद करा. दात संपतील. हिच्या सांगण्यानं सोडलीत?"

"हिच्याच. माझा बाप सांगून सांगून मेला, त्याचं नाही ऐकलं."

सरांनी दिवा बाजूला सारला. मग त्यांनी खुर्चीतल्या माणसावरचं कापड उचललं. पांजीनं डोळे गच्च मिटले.

"समजावण्याचे मार्क यांचे," सर म्हणाले. "साफ करण्याचे याच्या तोंडातले. कर सुरू, वेनिंग. दात नीट साफ झाले तर तू पास."

"आणि सर, फाटकावरचे फलक?" पांजीनं डोळे न उघडता विचारलं.

"राहू देत. त्यात खोटं काय लिहिलंय?"

वेनिंगनं दात असे साफ केले, की सरांना बोट ठेवायला जागा उरली नाही. ती आईला फोन लावायला आत पळाली. पांजी बाहेर पायरीवर जाऊन बसला. पाक लेगिमान त्याच्या शेजारी टेकले.

"मान उभी हलवली असतीस तर काय बिघडत होतं?"

"फलकावर लिहिता येतं, पाक. तुमच्यादेखत हो म्हणवेना."

पाक लेगिमाननी मान डोलावली. मग पांजीनं खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं आणि म्हाताऱ्यापुढं धरलं. "हे घेऊन जा. माझ्याजवळ नको."

पाक लेगिमाननी दोन्ही हात पाठीमागं नेले. "माझ्याजवळ तर मुळीच नको. मी ओढीन."

पांजीनं पाकीट दोघांच्या मधे पायरीवर ठेवलं. दोघंही त्याच्याकडं पाठ करून बसले, आणि वेनिंगचा फोन काही संपेना.